कोविडमध्ये गावाला आलेले फेडरल पैसे गेले कुठे?

शेवंती
परवा आमच्या टाउनशिपच्या बजेटच्या बैठकीला गेले होते. न्यू जर्सीतलं मध्यम आकाराचं गाव आहे, नाव राहू दे. एरवी मी जात नाही, पण यंदा प्रॉपर्टी टॅक्स वाढणार असं पत्रक आलं आणि नवरा म्हणाला, "घरात चिडण्यापेक्षा तिथे जाऊन विचार." बोलायला तीन मिनिटं मिळतात, समोरच्या भिंतीवर लाल आकडे उलटे धावत असतात. मी विचारलं, २०२१ मध्ये कोविडसाठी फेडरल सरकारने गावाला पैसे दिले, त्याचं काय केलंत? आणि एवढे आले होते तर आता टॅक्स कशाला वाढवता? उत्तर आलं, "ती एकदाच मिळालेली रक्कम होती, सरकारी सेवांवर खर्च झाली." कुठल्या सेवा, हे विचारेपर्यंत घंटी वाजली.

घरी येऊन अहवाल शोधला. त्यात खरोखर एकच ओळ आहे. ‘६.१ सरकारी सेवा’, आणि पुढे सगळीच्या सगळी रक्कम! घोटाळा आहे असं मी म्हणत नाही. पण आमच्या घरचा किराण्याचा हिशेबसुद्धा यापेक्षा तपशीलवार असतो. हे चालतं कसं? कुणी आतलं आहे का इथे?

चहाटळ
तीन मिनिटांत घंटी? आमच्याकडे माइकच बंद करतात.

खतावणी
शेवंतीताई, ती ६.१ ची ओळ मी स्वतः भरलेली आहे. तुमच्या गावाची नव्हे, माझ्या. मी ओहायोतल्या एका छोट्या सिटीच्या फायनान्स ऑफिसात काम करतो.

मार्च २०२१ मध्ये आर्पा, म्हणजे अमेरिकन रेस्क्यू प्लॅन, पास झाला. एकूण १.९ लाख कोटी डॉलरचा कायदा. त्यातले ३५० अब्ज राज्यं, काउंट्या, सिट्या, ट्राइब्ज आणि टेरिटरीज यांना. हे पैसे चार कामांना वापरता येत होते: कोविडचा आणि त्यातून आलेल्या आर्थिक हालांचा मुकाबला, अत्यावश्यक कामगारांना जादा पगार, पाणी-सांडपाणी-ब्रॉडबँड आणि बुडालेल्या महसुलाची भरपाई. या चौथ्या दारातून आत गेलं की मोकळं मैदान. पोलिसांचे पगार, रस्ते, आगीचा बंब, सिटी एरवी जे काही करते त्यातलं काहीही. पेन्शन फंडात भर घालायची नाही, जुनं कर्ज फेडायचं नाही आणि राखीव गंगाजळीत टाकायचे नाहीत, एवढंच बंधन.

आता महसूल किती बुडाला हे काढायला आधी एक किचकट सूत्र होतं. जानेवारी २०२२ च्या अंतिम नियमात ट्रेझरीने, म्हणजे फेडरल अर्थखात्याने, सांगितलं, सूत्र नको असेल तर एक कोटी डॉलरपर्यंतची रक्कम सरळ ‘बुडालेला महसूल’ धरा. पुरावा मागणार नाही. ज्या गावांना मिळालेच एक कोटीच्या आत, त्यांनी अख्खी रक्कम तिथे टाकली. आमच्यासारख्या अडीच माणसांच्या ऑफिसला तर हे वरदान होतं. अहवाल ३० एप्रिलला भरायचा, पोर्टल दर वेळी नवीन काहीतरी विचारणार, आणि त्यात प्रत्येक कामाचं समर्थन लिहीत बसायचं म्हणजे बाकी कामं कधी करायची? एक ओळ, एक आकडा, सबमिट.

घोटाळा नाही हो. फॉर्मच तसा होता.

शेवंती
आमची रक्कम एक कोटीच्या आतच आहे. म्हणजे तेच केलं असणार. पण मग तो पैसा नेमका कशाला लागला हे कधीच कळणार नाही का?

खतावणी
कळेल, पण त्या अहवालातून नाही. घागरीत ओतलेलं पाणी कुठल्या विहिरीचं ते घागर बघून कळत नाही. फेडरल पैशातून पोलिसांचे पगार दिले असं कागदावर असेल, पण पोलिसांना पगार तसेही मिळणारच होते. त्यामुळे जनरल फंडात, म्हणजे गावाच्या रोजच्या खर्चाच्या खात्यात, जे वाचले ते कुठे गेले, हा खरा प्रश्न. त्यासाठी तुम्हाला गावाचं बजेट वर्षाला वर्ष लावून बघावं लागेल.

उंटावरचा
मी ऑस्टिनहून. वर जे लिहिलंय ते वाचून माझंच म्हणणं पक्कं झालं. ‘पुरावा मागणार नाही’ हे वाक्य परत वाचा. करदात्यांचे ३५० अब्ज डॉलर! अलाबामाने त्यातले ४० कोटी तुरुंग बांधायला लावले. फ्लोरिडात ब्रॉवर्ड काउंटीने १४ कोटी एका आलिशान हॉटेलच्या प्रकल्पात घातले. यात कोविड कुठे आहे? आणि मार्च २०२१ पर्यंत बहुतेक राज्यांचा महसूल सावरलाही होता, कॅलिफोर्नियात तर शिल्लक पडली होती. पूर ओसरल्यावर होड्या वाटल्या, आणि त्याही ज्यांच्या अंगणात पाणी आलंच नव्हतं त्यांना.

मोटारगाव
उंटावरचा, तुमच्या अंगणात होडी छोटीच आली की. ऑस्टिनला आर्पातून साधारण १८.८ कोटी डॉलर मिळाले, डेट्रॉइटला ८२.७ कोटी. २०२० च्या जनगणनेत ऑस्टिन ९.६ लाख आणि डेट्रॉइट ६.४ लाख. डोई हिशेब लावा, तुम्हाला दोनशेच्या आसपास आणि आम्हाला तेराशे.

उंटावरचा
हेच तर म्हणतोय! विषाणू काय घराचं वय बघून शिरत होता?

मोटारगाव
तुम्ही चेष्टेत म्हणालात, पण सूत्र खरंच घरांचं वय बघतं :) सिट्यांच्या वाट्याचे ४५.६ अब्ज वाटायला काँग्रेसने नवीन सूत्र बनवत बसण्यापेक्षा सीडीबीजीचं जुनं सूत्र उचललं. हे १९७० च्या दशकापासून सिट्यांना दर वर्षी मिळणारं कम्युनिटी डेव्हलपमेंटचं अनुदान. त्यात दोन पर्याय असतात. एकात लोकसंख्या, गरिबी आणि घरांतली दाटी. दुसऱ्यात गरिबी, १९४० पूर्वीची घरं आणि शहराची वाढ किती खुंटली ते. जे जास्त देईल ते त्या शहराला लागू. डेट्रॉइट दुसऱ्यात अव्वल येणारच. क्लीव्हलँड, बफलो, सेंट लुइस, पिट्सबर्ग, सगळी याच रांगेतली.

विषाणूशी याचा संबंध नाही हे मान्य. पण पैसा अडकण्याशी आहे. ज्या शहराने २०१३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, त्याच्याकडे २०२० च्या मार्चमध्ये गंगाजळी किती असेल? कसिनो बंद म्हणजे आमचा कसिनो टॅक्स एका रात्रीत शून्य. मी डाउनटाउनला काम करतो. ऑफिसं घरून चालायला लागली तेव्हा आमच्या इमारतीखालचा कॉफीवाला आधी गेला, मग पार्किंगवाला. सिटीचा इन्कम टॅक्सही त्यांच्याच मागोमाग, कारण बाहेर राहून शहरात कामाला येणारे आमच्यासारखे लोक तो भरतात, आणि घरी बसून केलेल्या कामावर तो लागत नाही.

पोटोमॅककाठ
सूत्रांवरून आठवलं. केअर्स ॲक्टमध्ये, म्हणजे २०२० च्या कोविड मदतीच्या कायद्यात, प्रत्येक राज्याला किमान १२५ कोटी डॉलर होते. वॉशिंग्टन डीसीला मात्र टेरिटरी धरलं आणि पन्नास कोटीच्या आत गुंडाळलं. डीसीची वस्ती वायोमिंगपेक्षा जास्त, व्हर्मॉन्टपेक्षा जास्त. फेडरल टॅक्स आम्ही भरतो, आणि वाटप करताना आम्ही ग्वाम. राहिलेले ७५.५ कोटी आर्पामध्ये मिळाले. तोवर एक वर्ष गेलं होतं.

खतावणी
उंटावरचा यांचं पुराचं उदाहरण आवडलं, पण अर्धंच आहे. पूर होता तेव्हा काय झालं ते सांगतो, कारण २०२० विसरून २०२१ कडे बघितलं की सगळा खिरापतीचाच प्रकार वाटतो.

एप्रिल २०२० या एका महिन्यात देशभरात लोकल गव्हर्नमेंटच्या ८,०१,००० नोकऱ्या गेल्या. त्यात बंद शाळांचे लोकही आले, पण सिट्याही होत्या. ओहायोत सिटीचं पोट मुख्यतः इन्कम टॅक्सवर चालतं, आणि तो दर महिन्याला पगारातून कापून येतो. म्हणजे दुकान बंद झालं की आम्हाला पुढच्याच महिन्यात कळतं. वरून टॅक्स रिटर्नची तारीख १५ एप्रिलवरून १५ जुलैवर गेली. पैसा येणार नाही असं नव्हे, पण जुलैत येणार. आणि सिटीला तुटीचं बजेट करता येत नाही, नोटा छापता येत नाहीत. माझ्या स्क्रीनवर एका खिडकीत बँकेची शिल्लक होती, दुसऱ्या खिडकीत शुक्रवारच्या पगाराची यादी. आम्ही पार्क विभागातल्या सगळ्या हंगामी लोकांना फोन करून ‘येऊ नका’ सांगितलं. त्यातले बरेचसे कॉलेजातली पोरं होती. फोन मीच केले.

केअर्स ॲक्ट २७ मार्च २०२० चा. त्यात राज्यं आणि लोकल सरकारांसाठी १५० अब्जांचा कोरोनाव्हायरस रिलीफ फंड. वेगाने आला, त्याबद्दल शंकाच नाही. पण थेट पैसे फक्त पाच लाखांपेक्षा जास्त वस्तीच्या सिट्या-काउंट्यांना. मायामी नाही, मिनिअ‍ॅपोलिस नाही, क्लीव्हलँड नाही. न्यू ऑर्लिन्स, जिथे मार्डी ग्राच्या उत्सवानंतर हाहाकार उडाला, तेही नाही. शेवंतीताई, तुमच्या अख्ख्या न्यू जर्सीत पाच लाखांची एकही सिटी नाही. नूअर्कसुद्धा त्या यादीबाहेर. बर्गन, मिडलसेक्स, एसेक्स अशा काउंट्यांना थेट मिळाले. बाकीच्यांनी राज्याच्या तोंडाकडे बघायचं.

आणि अट अशी की बुडालेला महसूल भरून काढायला एक छदामही वापरायचा नाही. खर्च कोविडमुळेच उद्भवलेला हवा, आधीच्या बजेटमध्ये नसलेला हवा, आणि ३० डिसेंबर २०२० च्या आत झालेला हवा. म्हणजे काउंटरला प्लेक्सिग्लास लावायला पैसे आहेत, पण काउंटरमागे बसणाऱ्या बाईचा पगार निघत नाही. आमच्या तळघरात सॅनिटायझरची पिंपं अजून पडली आहेत. गंमत नाही, खरंच आहेत.

मग ट्रेझरीनेच एक फट ठेवली. पोलिस, अग्निशमन, आरोग्य खातं यांचे कर्मचारी कोविडच्याच कामाला जुंपलेले आहेत असं गृहीत धरायला परवानगी दिली. झालं! देशभरच्या सिट्यांनी बंबवाल्यांचे पगार त्या फंडात सरकवले आणि सुटलेल्या पैशातून बाकीचं घर चालवलं. आम्हीही. कायद्याने पुढच्या दारावर ‘महसूल भरपाई बंद’ अशी पाटी लावली होती, म्हणून सगळे मागच्या दाराने आत गेले.

मुदतीचा किस्सा तर सांगायलाच हवा. नोव्हेंबर-डिसेंबरात आम्ही धावपळ करून पै न् पै संपवली, कारण उरले तर परत करावे लागतील. २७ डिसेंबरला, मुदत संपायला तीन दिवस असताना, नवीन कायद्यावर सही झाली आणि मुदत एक वर्षाने वाढली. मी तेव्हा रजेवर होतो. बातमी वाचून हसलो की रडलो ते आठवत नाही.

चहाटळ
म्हणजे पहिला आहेर लगेच आला, पण ‘फक्त भांड्यांसाठी’ अशी चिठ्ठी लावून. दुसरा वर्षाने आला, कोऱ्या पाकिटात.

खतावणी
चहाटळ, माझ्या दीड पानाचं तुम्ही दोन ओळींत केलंत.

नाना
मंडळी, मी क्वीन्समध्ये १९७४ पासून आहे. तुमची चर्चा वाचून जुने दिवस आठवले. १९७५ साली न्यूयॉर्क सिटी कंगाल झाली होती. ३० ऑक्टोबरला सकाळी स्टँडवर डेली न्यूजचा मथळा बघितला: फोर्डने शहराला सांगितलं, मरा! प्रेसिडेंट फोर्ड हे शब्द बोलले नव्हते, पण मदतीला नकार दिला होता. गाडीत जो तो तोच पेपर उघडून बसलेला. मी नवखा, मला वाटलं आता हे शहर बंद होणार, आपण परत जायचं.

नंतर त्याच फोर्डने डिसेंबरात मदतीच्या कायद्यावर सही केली. वर्षाला २.३ अब्ज डॉलरपर्यंत कर्ज, तेही सरकारच्या स्वतःच्या व्याजदरापेक्षा एक टक्का चढं. सिटीने सगळं फेडलं. पण त्या काळात सिटीने पोलिस, शिक्षक, सफाईवाले कमी केले ते कमीच राहिले. आमच्या गल्लीतला कचरा कित्येक दिवस तसाच असे.

२०२० च्या एप्रिलमध्ये सिनेटचे तेव्हाचे बहुमत नेते मिच मॅकॉनेल यांनी राज्यांना दिवाळखोरीचा मार्ग मिळावा असं म्हटलं तेव्हा मी मुलाला म्हटलं, हे मी आधी ऐकलेलं आहे. फरक एवढाच की १९७५ साली न्यूयॉर्कवर उधळपट्टीचा आरोप होता आणि तो बराचसा खरा होता. २०२० मध्ये दुकानं बंद करायला सरकारनेच सांगितलं होतं.

उंटावरचा
नाना, तुमच्या अनुभवापुढे काय बोलणार. पण तुमच्याच गोष्टीत उत्तर आहे ना? कर्ज द्या, फेडून घ्या. २०२० मध्येही फेडरल रिझर्व्हने सिट्यांसाठी खिडकी उघडली होती, ५०० अब्जांपर्यंत. घ्यायला आलं कोण? एक इलिनॉय राज्य आणि एक न्यूयॉर्कची सबवे-बस चालवणारी एमटीए. फक्त दोन! दोघांनी मिळून सात अब्जसुद्धा उचलले नाहीत. एवढा पैसा सिट्यांना हवाच होता तर या रांगेत का उभ्या राहिल्या नाहीत?

नाना
कारण व्याज बाजारापेक्षा चढं होतं आणि तीन वर्षांत फेडायचं होतं. अडलेल्यालाच परवडेल असं. पण ती खिडकी उघडणार म्हटल्यावर म्युनिसिपल बाँडचा बाजार शांत झाला, हेही खरं. सावकार दारात उभा आहे म्हटल्यावर शेजारी उसने देतात. शिवाय रोजचा पगार कर्ज काढून द्यायचा ही सवय १९७५ ची. तिनेच न्यूयॉर्क बुडालं होतं. ती परत कशाला लावायची?

उंटावरचा
ठीक, कर्जाचा मुद्दा सोडतो. पण एक सांगतो, महसूल सावरला तो काँग्रेसमुळे नाही. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने वेफेअरच्या खटल्यात ऑनलाइन विक्रीवर सेल्स टॅक्स वसूल करायची वाट मोकळी केली. दोन वर्षांनी सगळा देश घरी बसून खरेदी करायला लागला. तो निकाल आधी लागला नसता तर राज्यं खरंच बुडाली असती. नशिबाने तगलो आणि श्रेय पॅकेजला.

मोटारगाव
वेफेअरचा मुद्दा एकदम बरोबर. पण सेल्स टॅक्स जिथे सिटीला मिळतो तिथेच. मिशिगनमध्ये तो राज्याचा, आम्हाला त्यातला वाटा वरून येतो. हॉटेलवर जगणारी शहरं, पार्किंगवर, कसिनोवर, इन्कम टॅक्सवर जगणारी शहरं, प्रत्येकाची नाडी वेगळी. सरासरी सावरली म्हणून प्रत्येक जण सावरला असं नाही.

पाणपोई
माझे दोन पैसे. मी पाण्याच्या पाइपलाइनचं डिझाइन करते. आर्पाच्या आधी छोट्या गावांत शिशाच्या सर्व्हिस लाइन बदलायचा विषय काढला की महापौर छताकडे बघायचे. पैसे आल्यावर तेच महापौर फोन करायला लागले. मात्र सगळ्यांनी एकदमच केले. ३१ डिसेंबर २०२४ च्या आत करार झालेला हवा, त्यामुळे शेवटच्या सहा महिन्यांत कंत्राटदार मिळेनात. एका गावात तीनदा टेंडर काढलं, तिसऱ्यांदा एकच निविदा आली, अंदाजाच्या कितीतरी वर. तीच घ्यावी लागली. पाइप बदलले, लोक खूश, पण थोडी सवड असती तर त्याच पैशात आणखी दोन रस्ते झाले असते. खर्च संपवायची मुदत ३१ डिसेंबर २०२६, तेव्हा खोदकाम दिसलं तर शिव्या देऊ नका.

शेवंती
बापरे, मी एक ओळ विचारली आणि इथे ग्रंथ झाला. दोन शंका. शाळांना वेगळे मिळाले होते ना? कारण आमच्या टॅक्समधला निम्म्याहून जास्त भाग शाळेचाच आहे. आणि फेमाचं, म्हणजे फेडरल आपत्ती-मदत खात्याचं, काय? बैठकीत एक गृहस्थ ‘फेमाकडून अजून येणं बाकी आहे’ म्हणत होते.

खतावणी
शाळांचे वेगळे, तीन हप्त्यांत मिळून साधारण १९० अब्ज. त्यांची शेवटची मुदत सप्टेंबर २०२४ ला संपली. गावाच्या अहवालात ते दिसणार नाहीत.

फेमा म्हणजे आधी बिल भरा, मग मागा. एरवी फेमा ७५ टक्के देते आणि उरलेले आपण. कोविडसाठी २०२१ मध्ये ते मागच्या तारखेपासून १०० टक्के केलं, जुलै २०२२ पर्यंत. ऐकायला छान. पण त्यासाठी प्रत्येक ओव्हरटाइमचा कागद, प्रत्येक मास्कची पावती आणि ‘हा खर्च दुसऱ्या कुठल्या फंडातून घेतलेला नाही’ याची खात्री हवी. तुमचे गृहस्थ खरं बोलत असतील. आमचीही एक फाइल बराच काळ ‘रिव्ह्यूमध्ये’ होती.

मूळ प्रश्नावर येतो. आर्पा आलं त्या वर्षांत तुमच्या गावाने टॅक्स किती वाढवला होता, ते बघितलंत का?

शेवंती
नाही. बघते. ओप्राखाली अर्ज टाकला आहे, सात कामाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं त्यांना.

चहाटळ
ओप्रा म्हणजे टीव्हीवाली?

शेवंती
ओपन पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्ट. न्यू जर्सीचा कायदा. गप बस.

शेवंती
आलं उत्तर! क्लार्कबाई भली निघाली, लेजर स्कॅन करून पाठवलं. आर्पाच्या खात्यातून फक्त पोलिसांचे पगार गेले आहेत, एकामागोमाग एक पगाराच्या तारखा, खाली शून्य. मग खतावणी म्हणाले तसं चार वर्षांची बजेटं डायनिंग टेबलावर शेजारी शेजारी मांडली. आर्पाच्या दोन्ही वर्षांत म्युनिसिपल टॅक्सचा दर जागचा हललेला नाही. कचऱ्याचं कंत्राट वाढलं, कर्मचाऱ्यांचा आरोग्य विमा वाढला, तरी दर तोच. त्यातल्या एका वर्षी निवडणूक होती.

म्हणजे ते पैसे आम्हालाच मिळाले की! न झालेल्या वाढीच्या रूपाने. आणि आता साचलेली सगळी वाढ एकदम आली आहे.

खतावणी
अगदी. त्याच बजेटमध्ये उत्पन्नाच्या बाजूला अगदी वर ‘सरप्लस अँटिसिपेटेड’, म्हणजे वापरायला काढलेली जुनी शिल्लक, अशी ओळ असेल. तो आकडा दर वर्षी किती चढत गेला ते बघा. शिल्लक खाऊनही दर धरून ठेवला असेल तर पुढच्या वर्षीही वाढ आहे असं समजा.

शेवंती
बघितला. चढलाय. पुढची बैठक मंगळवारी आहे, या वेळी तीन मिनिटांत बसेल असं आधी लिहून नेते.